रामेश्वर सांगून लंकेला

माझ्या थोरल्या जाऊबाई खोटं बोलत नाहीत. त्या खरंच बोलतात, फक्त ते थोडं अलीकडे थांबवतात. रामेश्वरपासून लंका अशी किती लांब, मधे जरासं पाणी, एवढंच काय ते, असं त्या आजही शांतपणे सांगतात. त्या जराशा पाण्यापायी आमच्या घरात काय काय घडलं ते मला नीट माहीत आहे, कारण त्या पाण्यापलीकडे त्यांच्यासोबत मीच गेले होते.

त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्या करमाडला राहतात, मी छत्रपती संभाजीनगर शहरात, पुंडलिकनगरात. त्यांचं घर शेतीचं, माझं नोकरीचं. मी सगळी उमेद भूगोल शिकवण्यात घालवली, त्यामुळे करमाडच्या घरात मला मास्तरीणबाई हेच नाव पडलं. अक्काही तेच म्हणतात आणि भाऊजीही.

भाऊजी म्हणजे अक्कांचे यजमान, माझ्या नवऱ्याचे थोरले बंधू. माणूस लाखात एक. कुणाच्या लग्नाला मदत, कुणाच्या म्हशीला औषध, सगळीकडे पुढे. पण प्रवासात सोबत नकोत. प्रवासात भाऊजी सगळ्यांना पहाटे अंधारात उठवतात, स्वतः आंघोळ करून दारात उभे राहतात आणि "झालं का, झालं का" सुरू करतात. देऊळ सोडून दुसरं काही पाहू देत नाहीत. शिवाय त्यांना "मला माहीत नाही" हे वाक्य बोलताच येत नाही. अनोळखी गावात रिक्षावाल्याला रस्ता सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी निवृत्त झाले त्या हिवाळ्यातली गोष्ट. करमाडच्या अंगणात आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी सहज बोलून गेले की वर्गात नकाशावर छडी ठेवून मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं, हे त्रिंकोमाली, लंकेचं नैसर्गिक बंदर, तीन बाजूंनी डोंगर आणि आत शांत पाणी. सांगताना दरवेळी वाटायचं की आपण ज्याला इतक्या विश्वासानं नैसर्गिक म्हणतोय ते एकदा बघावं तरी.

अक्कांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "मग चल की."

"लंकेला?"

"मग काय इथं बसून दिसणार हाय? माझ्याकडं पासपोर्ट हाय. पेटीत पडलाय नुसता."

तो पासपोर्ट लेकीच्या बाळंतपणाला मस्कतला जायचं म्हणून काढला होता. मस्कतमध्ये अक्कांनी बाळाची लंगोटं धुतली, डिंकाचे लाडू वळले आणि समुद्र पाहिला तो मोटारीच्या काचेतून, सिग्नल लाल होता तेवढा वेळ.

"पण भाऊजी?" मी विचारलं.

अक्कांनी आत डोकावून पाहिलं. भाऊजी फोनवर कुणाला तरी कापसाचा भाव समजावून सांगत होते, बहुतेक कापसाच्या व्यापाऱ्यालाच.

"त्यांना लंका म्हणलं की ते येणार," अक्का हळूच म्हणाल्या. "रामेश्वर सांगू. दोनदा जाऊन आलेत. तिसऱ्यांदा नाय यायचे."

मी शिकलेली, पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई. मी विरोध करायला हवा होता. मी विचारलं, "मग कधी निघायचं?"

गव्हाची मळणी उरकल्यावर निघायचं ठरलं. माझ्या नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्यानं दोन्ही हात वर केले, "मला काही सांगू नकोस, मी काही ऐकलेलं नाही," असं म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. हा त्याचा पाठिंबा.

स्टेशनवर सोडायला भाऊजी आलेच. सूचना चालू होत्या. देवळात डावीकडच्या रांगेत लागायचं, उजवी लांबते. पंड्यांशी बोलायचं नाही. बावीस कुंडांचं पाणी अंगावर घ्यायचं. मग त्यांनी पिशवीतून एक रिकामी प्लॅस्टिकची कॅन काढून अक्कांच्या हातात दिली. "तीर्थ भरून आण. सगळ्या गल्लीला द्यायचंय."

गाडी मुंबईकडे जाणारी होती, हे त्यांच्या तेवढ्यात लक्षात आलं. "रामेश्वरला जायला मुंबईला कामून चालल्या? उलटं नाय का पडत?"

अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. भूगोल माझा होता ना.

"भाऊजी," मी म्हणाले, "तिकडून थेट पडतं."

हे खरंच होतं. मुंबईहून कोलंबो थेट पडतं.

कोलंबोच्या विमानतळाबाहेर आमचा गाडीवाला पाटी घेऊन उभा होता. तमिळ, पन्नाशीचा, कपाळाला भस्म, हिंदी सिनेमे पाहून शिकलेली हिंदी. पुढे येऊन त्यानं अक्कांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "आओ अक्का."

अक्का जागच्या जागी थांबल्या. मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "याला माझं नाव कुणी सांगितलं?"

मी सांगितलं की इकडे थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. त्यांना ते काही पटलं नाही. पण नंतर फळवालीनं अक्का म्हटलं, हॉटेलातल्या पोरीनं म्हटलं, एका पोलिसानंही म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "बघ," त्या म्हणाल्या, "आपल्या गल्लीच्या पुढं मला कुणी वळखत नाय, आणि इथं सगळा देश वळखतो."

त्रिंकोमालीला पोचेपर्यंत दुपार कलली. शेवटच्या वळणावर नारळाची झाडं बाजूला झाली आणि ते पाणी एकदम समोर आलं. माझ्या नकाशात तो निळा ठिपका होता, छडीच्या टोकाखाली झाकला जाणारा. आणि इथं पाण्याला अंतच नव्हता. जवळ काचेसारखं हिरवं, पुढे निळं, त्याहून पुढे जांभळट, आणि कडेनं डोंगर असे बसलेले की दूध तापत ठेवून बायका चुलीभोवती गप्पा मारत बसाव्यात. लाटा म्हणून काही नाही, पाणी नुसतं श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी जे सांगितलं ते खरं निघालं होतं.

अक्कांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "एवढं पाणी. आणि आपल्याकडं टँकरची वाट बघायची." चपला काढल्या, साडी वर खोचली आणि सरळ गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर यायलाच तयार नाहीत. गाडीवाला म्हणाला, "अक्का, मंदिर कल." अक्का म्हणाल्या, "देव कुठं पळून चाललाय?"

दुसऱ्या दिवशी, ऊन अंगावर येईपर्यंत झोपून, आरामात नाश्ता करून आम्ही देवळाला निघालो. समुद्रात घुसलेल्या एका उंच कड्यावर कोणेश्वराचं देऊळ आहे आणि तिथं जायचा रस्ता एका जुन्या किल्ल्याच्या दरवाजातून जातो. शहरात राहणाऱ्या मला दरवाजांचं कौतुक नाही. आमच्याकडे भाजी आणायला निघालं तरी एखाद्या दरवाजाखालून जावं लागतं. पण हा दरवाजा वेगळा होता. गाडीवाल्यानं सांगितलं की पूर्वी इथं फार मोठं देऊळ होतं, पोर्तुगिजांनी ते पाडलं, काही दगड समुद्रात लोटले आणि उरलेल्या दगडांचा किल्ला बांधला. दरवाजाच्या एका दगडावर दोन मासे कोरलेले होते, जुन्या राजाची खूण म्हणे. देवळाचा दगड आता पहारा देत उभा होता. अक्कांनी त्या माशांवरून हात फिरवला आणि तो हात छातीला लावला. देवळाचा दगड कुठंही बसवला तरी देवळाचाच, असं काहीसं त्या पुटपुटल्या.

आत शिरलो आणि हरणं दिसली. खरीखुरी ठिपक्यांची हरणं, मोकळी, रस्त्यावर, झाडाखाली, दुकानाच्या फळीशी. आपल्याकडे गल्लीत कुत्री असावीत तशी. अक्का त्यांच्याकडे बघत असतानाच एका हरणानं मागून येऊन त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत तोंड घातलं आणि दशम्यांची पुरचुंडी बाहेर ओढली. शेंगदाण्याच्या चटणीसकट. अक्का ओरडल्या, पदर झटकला, पण ते चार पावलं मागं सरकून निवांत खाऊ लागलं. मग चटणी लागली. त्यानं एकदम मान झटकली आणि शिंकलं.

"खा अजून," अक्का म्हणाल्या. "करमाडचं तिखट हाय."

आणि नेमका तेव्हाच भाऊजींचा व्हिडिओ कॉल आला.

मी म्हणाले, उचलू नका. अक्का म्हणाल्या, नाय उचलला तर ते स्टेशनवर येऊन बसतील. त्यांनी उचलला.

"पोचल्या का?"

"पोचलो. दर्शनाला चाललोय."

"जरा फोन फिरव. बघू दे."

अक्कांनी फोन फिरवला. हरीण अजून तिथंच होतं, तोंडाला चटणी लावून.

"ते काय गं मागं? शेळी?"

"शेळीच."

"अंगावर ठिपके हायत की."

अक्कांनी क्षणभरही वेळ घालवला नाही. "तमिळ शेळी हाय."

भाऊजींनी डोळे बारीक करून फोन जवळ आणला. मला वाटलं संपलं सगळं, आता परत जावं लागणार. मग फोनमधून आवाज आला, "व्हय, व्हय. तिकडच्या तशाच असतात. मी मागच्या खेपेला पाहिल्यात."

मी पदर तोंडात कोंबून एका झाडामागं गेले. गाडीवाला काळजीनं विचारायला आला की मला बरं वाटत नाही का.

वर कड्याच्या टोकाला पोचलो तेव्हा वारा असा होता की अक्कांचा पदर झेंड्यासारखा उडत होता. खाली फार खोल समुद्र. तिथं कड्याला एक उभी भेग आहे, रावणानं तलवारीनं घातलेली म्हणतात. आणि कड्याच्या काठाशी खुद्द रावणाचा पुतळा उभा, हात जोडून. अक्का त्याच्यासमोर थबकल्या. दर श्रावणात त्या वेरूळला जातात. घृष्णेश्वराचं दर्शन झालं की लेण्यात शिरतात, आणि कैलास उचलू पाहणारा रावण त्यांच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचा आहे.

"हा तर आपला वेरूळचा!" त्या म्हणाल्या. "हा इथला व्हय?"

"इथलाच. हे त्याचं गाव."

अक्कांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, लग्नात दूरचा पाहुणा भेटावा तसं. "तिकडं बिचारा डोंगराखाली दबून बसलाय, हात दुखेस्तोवर. इथं बघ कसा वाऱ्याला उभा हाय." मग त्यांनी पदर सावरला आणि त्याला नमस्कार केला. मी बघतच राहिले तर म्हणाल्या, "त्याच्या गावात आलोय. राम राम तर नाय म्हणता येत त्याला. नमस्कार तरी करावा."

इतक्यात पुन्हा फोन. भाऊजींना आता गाभाऱ्यापर्यंत सगळं बघायचं होतं. अक्कांनी फोन उंच धरला. कडा, समुद्र, आणि टोकाशी एक जुनं झाड, ज्याच्या फांद्यांना लोकांनी मूल व्हावं म्हणून बारके लाकडी पाळणे टांगलेले होते.

"ते झाड!" भाऊजी ओरडले. "त्याच झाडाखाली बसून मी केळी खाल्ली व्हती! तुला सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं व्हतं," अक्का म्हणाल्या, अगदी सात्त्विक चेहऱ्यानं.

"त्याच्या डाव्या हाताला जा, तिकडं नळ हाय."

डाव्या हाताला सरळ समुद्र होता. अक्का म्हणाल्या, "दिसला, दिसला."

"आता पुजाऱ्याला फोन दे. मला बोलायचंय."

ही मात्र कठीण वेळ होती. पुजारी जवळच होता, तरुण, हसरा, हातात आरतीचं ताट. अक्कांनी बिनधास्त फोन त्याच्या पुढे केला. भाऊजींनी हात जोडले आणि आपल्या हिंदीत सुरुवात केली, "महाराज, नमस्कार! मैं करमाड से बोल रहा हूँ. जिला छत्रपती संभाजीनगर!"

पुजाऱ्याला यातलं एक अक्षर कळलं नाही. पाहुणा कुठून बोलतोय ते सांगतोय, एवढं त्यानं ओळखलं असावं. म्हणून त्यानंही आपलं गाव सांगितलं. छातीवर हात ठेवून म्हणाला, "ट्रिंकोमाली."

मी फोन काढून घ्यायला हात पुढे केला.

भाऊजींनी कान जवळ आणला. मग त्यांचा चेहरा भक्तीनं उजळला. "त्र्यंबक माऊली!" त्यांनी डोळे मिटून म्हटलं. "त्र्यंबक माऊली!"

"ट्रिंकोमाली!" पुजारी आनंदानं म्हणाला.

"त्र्यंबक माऊली!"

असं ते दोघं एकमेकांना म्हणत राहिले. पुजाऱ्यानं फोनलाच भस्म लावलं. अक्का खांबाकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. बघणाऱ्या बायकांना वाटलं असेल की बाई देवापुढं रडतेय. एकीनं तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

कॅन भरायची राहिली होती. त्रिंकोमालीजवळ कन्नियाला गरम पाण्याच्या सात बारक्या विहिरी आहेत. आईच्या उत्तरकार्यासाठी पाणी हवं म्हणून रावणानं जमिनीत शस्त्र मारलं आणि त्या निघाल्या, अशी तिथली कथा. प्रत्येकीचं पाणी वेगळं, एक कोमट, एक कढत. लोक बादलीनं अंगावर घेत होते. अक्कांनी साडीसकट सातही विहिरींचं पाणी अंगावर घेतलं आणि मग कॅन भरली.

"अक्का, हे रामेश्वरचं तीर्थ म्हणून गल्लीत वाटणार?"

"पोरानं आईसाठी काढलेलं पाणी हाय," अक्का म्हणाल्या. "याहून तीर्थ ते काय असतं?"

कॅनचं झाकण मी घट्ट लावलं.

आणि मग तो होडीचा दिवस. आम्ही सकाळी उपसागरात निघालो. नावाड्यानं आम्हाला नारिंगी जाकीट घातलं. साडीवर ते घालून अक्का एखाद्या मोठ्या पार्सलसारख्या दिसत होत्या. किनारा मागं पडला, पाणी गडद झालं. मी कठडा धरून बसले होते आणि मनातल्या मनात खोली मोजत होते, ज्याचा काही उपयोग नव्हता. अक्का पुढे टोकाला. एकाएकी पाण्यातून एक काळी चकचकीत पाठ वर आली आणि गेली. मग दुसरी. मग आमच्या चहूबाजूंनी डॉल्फिन. ते होडीशी शर्यत लावत होते, खालून इकडून तिकडे जात होते, एकानं उडी मारून अंग असं वळवलं की उन्हात त्याचं पोट पांढरं लखलखलं.

अक्का उठून उभ्या राहिल्या. नावाडी घाबरून ओरडला, "अक्का, बैठो! बैठो!" त्या कसल्या बसताहेत. दोन्ही हात पसरून त्या हसत होत्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मी त्यांना ओळखते. त्यांचं गालातल्या गालात हसणं मला ठाऊक होतं, स्वयंपाकघरातलं, पदराआडचं. असं तोंड उघडून, आवाज सोडून हसताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. किनाऱ्यावर उतरल्या तेव्हाही त्या हसतच होत्या आणि नावाड्याला मराठीत सांगत होत्या की तुझ्याकडची वासरं लई गुणाची हायत.

घरी आलो. कॅनचं पाणी भाऊजींनी देव्हाऱ्यात ठेवलं, त्याची पूजा केली आणि यात्रा सुखरूप पार पडली म्हणून मावंदं घातलं. अंगणात मांडव, पुऱ्या, बुंदी, आमटी. गल्लीतली सगळी माणसं आली. अक्कांच्या पाया पडायला बायका रांगेत उभ्या राहिल्या. अक्कांनी प्रत्येकीला मनापासून आशीर्वाद दिला आणि पळीभर गरम विहिरीचं, आता थंड झालेलं, पाणी दिलं. माझा नवरा कोपऱ्यात ताटाकडे बघून जेवत होता. त्यानं त्या दिवशी एकदाही मान वर केली नाही.

यात्रेची हकीकत सांगायची वेळ आली, तेव्हा ती भाऊजीच सांगायला लागले. अक्का बुंदीचं ताट हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"कडा असा उंच," भाऊजी म्हणाले, "आणि खाली समुद्र. मी व्हतो तवा वारा इतका व्हता की माझी टोपी उडाली."

कुणीतरी म्हाताऱ्यानं विचारलं, "रामेश्वरला कडा कुठं हाय? सपाट हाय की."

"तुम्ही पुढच्या दारानं गेला असाल," भाऊजी म्हणाले. "मागच्या दारानं कडा लागतो." मग त्यांनी पाळण्यांचं झाड सांगितलं, ठिपक्यांच्या शेळ्या सांगितल्या, आणि तिथं भेटल्यावर त्र्यंबक माऊली म्हणायची रीत आहे हेही सांगितलं. दोघा-तिघांनी लगेच म्हणून बघितलं. अक्कांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा भाऊजी म्हणाले, "थांब, मी सांगतो."

मी अक्कांकडे पाहिलं. आतापर्यंत या सगळ्याची त्यांना मजा वाटत होती, पण आता त्यांच्या चेहऱ्यावर मजा नव्हती. सगळ्यात मोठी गोष्ट पोटात होती आणि ती सांगता येत नव्हती. रामेश्वरच्या यात्रेत डॉल्फिन कुठून आणायचे? ज्या माणसाला पहिल्यांदा सांगायची त्यालाच सांगता येत नव्हती.

पाहुणे पांगले. ऊन उतरलं होतं. भाऊजी खाटेवर टेकले, पायावर पाय टाकून म्हणाले, "पुढच्या वर्षी मी पुन्हा जातो. त्या पुजाऱ्याला भेटायचंय."

अक्कांनी हातातली परात खाली ठेवली. "कुठं जाता? तो लंकेत राहतो."

"कोण?"

"पुजारी. तुम्ही जे पाहिलं ती लंका व्हती. आम्ही रामेश्वरला गेलोच नाय."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीणबाई?"

"व्हय भाऊजी," मी म्हणाले. माझ्या तोंडून व्हय कसं निघालं कुणास ठाऊक.

माझा नवरा उठून गोठ्याकडे गेला. भाऊजी एकेक विचारू लागले. "ते झाड?"

"लंकेतलं."

"आणि ती शेळी?"

"हरीण."

"ते मला तवाच वाटलं व्हतं," भाऊजी म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "मला सांगितलं असतं तर मी काय अडवलं असतं?"

"अडवलं नसतं," अक्का म्हणाल्या. "आला असता."

भाऊजींनी यावर मनापासून विचार केला. ते भांडतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "आलो असतो, खरं हाय." मग उठले, बाहेर जाऊन मांडवाच्या दोऱ्या सोडू लागले. त्या संध्याकाळी ते आमच्याशी बोलले नाहीत. आम्ही शहरात परत निघालो तेव्हा गाडीच्या खिडकीशी आले आणि फक्त एवढंच म्हणाले, "गावात कुणाला बोलू नका. मी त्या झाडाखाली केळी खाल्ली म्हणून सगळ्यांना सांगून बसलोय."

काही दिवस अक्कांचा फोन आला की मी आधी विचारायचे, बोलतात का? त्या सांगायच्या, जेवायला वाढ म्हणतात, तेवढंच. मग एका रविवारी दोघंही पुंडलिकनगरात हजर. भाऊजी चहा पिऊन झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, "ते फोटो टीव्हीवर दिसतात म्हणं."

मी लावले. किल्ल्याचा दरवाजा आला, मासे आले, रावण आला. भाऊजी एकही शब्द बोलले नाहीत, आणि त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. होडी आली तेव्हा अक्का पुढे सरकून बसल्या आणि सांगायला लागल्या. पाठी कशा वर आल्या, उडी कशी मारली, पोट कसं चमकलं, सगळं, हात पसरून. भाऊजी त्यांच्याकडे बघत होते, टीव्हीकडे नाही. एकदाही म्हणाले नाहीत की थांब, मी सांगतो.

"व्हिडिओ नाय का काढला?" शेवटी त्यांनी विचारलं.

काढला होता, पण मी लाजून दाखवत नव्हते. होडी हलत होती आणि मी घाबरलेले. त्यात नुसतं आभाळ आहे, एका जाकिटाचा नारिंगी कोपरा आहे, आणि अक्कांचं हसणं. भाऊजींनी तो लावायला लावला. संपला. पुन्हा लावायला सांगितला.

"भाऊजी, यात काहीच दिसत नाही," मी म्हणाले.

"ऐकू येतंय की," ते म्हणाले आणि माझ्या हातातून रिमोट घेतला.

अक्का लाजून उठल्या, "बास करा आता, गाडी चुकंल," असं म्हणाल्या आणि कप उचलून आत निघून गेल्या. बाहेर व्हिडिओ पुन्हा सुरू झाला.